स्पॅनिश गप्पांमधलं ‘म्हणे’ : दुसऱ्याचं बोलणं आणि थट्टा ओळखायची कशी, करायची कशी

स्पेनमधल्या ग्रानादामध्ये मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते, त्या आजींची धाकटी बहीण त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. एका दुपारी आजींनी फोन ठेवला, माझ्याकडे वळून “दिसे मि एर्माना के सूबॅ” (माझी बहीण म्हणतेय की…) एवढं म्हणाल्या आणि पिशवी घेऊन बाहेर पडल्या. मी ऐकलं ‘सूबे’. म्हणजे बहीण वर येतेय. पण ती तर वरच राहते, मग ती आणखी कुठे चढून येणार, हा विचार मनात आला नाही असं नाही. तरी मी दार उघडं ठेवून बसून राहिले. चाळीस मिनिटांनी जिन्यातून हाक आली. वर टेबल मांडलेलं, मसुराचं सूप गार झालेलं, आणि त्या माझी वाट बघत बसलेल्या. निरोप होता ‘सूबास’, म्हणजे ‘तू वर ये’. ग्रानादाच्या बोलीत शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात आणि त्याच्या आधीचा ‘आ’ ‘ॅ’कडे झुकतो. म्हणून ‘सूबास’चा ‘सूबॅ’ झाला आणि मी त्याचा ‘सूबे’ केला.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट ऐकायला शिकले, आणि आता शिकवतानाही तीच पहिल्यांदा सांगते. स्पॅनिश माणूस बोलत असतो तेव्हा हे वाक्य कोणाच्या तोंडचं आहे, हा प्रश्न सतत मनात ठेवायचा. त्याचं स्वतःचं, की तो दुसऱ्याचं पोचवतोय, की दुसऱ्याचं उचलून त्याची खिल्ली उडवतोय? स्पॅनिशमधली रोजची थट्टा बरीचशी याच जागेत घडते. आणि मराठी माणसाला इथे एक मोठी सोय आहे : आपल्याकडे ‘म्हणे’ आहे, ‘म्हटलं’ आहे, ‘म्हणतो कसा’ आहे. इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिश शिकणाऱ्याला जे समजावून सांगावं लागतं, ते आपल्याला आजीच्या बोलण्यातून आधीच आलेलं असतं. फक्त ते जोडून घ्यायचं.

उच्चारांबद्दल एक सूचना. इथे लॅटिन अमेरिकेतले उच्चार धरले आहेत. ‘दिसे’ (म्हणतो, म्हणते) हा शब्द माद्रिदमध्ये ‘दिथे’सारखा ऐकू येईल. ‘त’ आणि ‘द’ अगदी आपल्यासारखे दंत्य आहेत, तिथे जीभ वळवायची गरज नाही.

पायरी पहिली : ‘के’च्या मागून येणारं क्रियापद पकडा

‘के’ म्हणजे आपलं ‘की’. ‘दिसे के’ म्हणजे ‘म्हणतोय की’. पण त्यापुढे क्रियापदाचं कोणतं रूप येतं यावर ती बातमी आहे की हुकूम, हे ठरतं.

‘दिसे के सूबे’ : येतेय म्हणते, वर. 
‘दिसे के सूबास’ : वर ये म्हणते. 
‘दिसे के एस्पेरा’ : थांबते म्हणते. 
‘दिसे के एस्पेरेस’ : थांब म्हणते. 
‘दिसे के यामा लुएगो’ : नंतर फोन करते म्हणते. 
‘दिसे के यामेस लुएगो’ : नंतर फोन कर म्हणते.

मराठीत ‘येते म्हणते’ आणि ‘ये म्हणते’ यात जो फरक आहे, तोच स्पॅनिश एका स्वराने करते. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे : ज्या क्रियापदाचं साधं रूप ‘आ’वर संपतं त्याचं हुकमाच्या निरोपात ‘ए’ होतं, आणि ‘ए’वर संपणाऱ्याचं ‘आ’ होतं. एस्पेरा–एस्पेरे, सूबे–सूबा. निरोप ‘तू’साठी असला की त्यापुढे ‘स’ लागतो. व्याकरणाच्या पुस्तकात याला सब्जंक्टिव्ह म्हणतात आणि त्याची पानंच्या पानं कोष्टकं असतात. ती नंतर पाठ करा. आधी घरात कोणालातरी बसवून वीस निरोप वाचून घ्या, आणि प्रत्येकाला ‘बातमी’ की ‘हुकूम’ एवढंच उत्तर द्या. कान तयार झाला की कोष्टक आपोआप बसतं.

आता मराठी माणसाची खास चूक. आपण म्हणतो, “सुरेश म्हणाला की मी उद्या येतो.” इथे ‘मी’ म्हणजे सुरेश. मराठीत ‘की’ लावल्यावरही आतलं वाक्य जसंच्या तसं ठेवता येतं, कोणाचा गोंधळ होत नाही. स्पॅनिशमध्ये ‘के’ लागला की आतलं सगळं सांगणाऱ्याच्या जागेवरून बोलावं लागतं. तुम्ही ‘सुरेश दिहो के यो बेंगो मान्याना’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला कळेल की उद्या तुम्ही येणार आहात, आणि ही बातमी सुरेशने दिली. माझ्या वर्गात ही चूक दर वर्षी होते, आणि हुशार मुलांकडूनच जास्त होते, कारण ती मराठीत विचार करून पटकन बोलतात. बरोबर वाक्य : ‘दिसे के बिएने मान्याना’, तो उद्या येतो म्हणतोय.

भूतकाळात सांगताना ‘दिहो के बेनीया’ म्हणायची सवय लावा. ‘बेनीया’ हे ‘येत होता’चं रूप आहे, पण इथे अर्थ ‘येतो असं म्हणाला’ एवढाच. ‘दिहो के बिएने’सुद्धा कानावर येईल. बोलणाऱ्याला ते येणं अजून पक्कं वाटत असेल तर तो तसं म्हणतो. सुरुवातीला या फरकात वेळ घालवू नका.

पायरी दुसरी : सुटा ‘के’

पुस्तकात सापडत नाही पण स्वयंपाकघरात दर मिनिटाला ऐकू येतो, तो हा ‘के’. त्याच्याआधी ‘म्हणतो’ वगैरे काही नसतं. वाक्य सरळ ‘के’ने सुरू होतं.

कोणी विचारलं, “किएरेस काफे?” तुम्हाला ऐकू आलं नाही, तुम्ही “के?” म्हणालात. तर समोरचा प्रश्न जसाच्या तसा परत विचारत नाही. तो म्हणतो, “के सि किएरेस काफे.” नवखा माणूस इथे अडखळतो. ‘सि’ म्हणजे ‘जर’ ना, मग ‘की जर कॉफी हवी’ हे काय? मराठीत आपण काय करतो ते आठवा : “कॉफी घेणार का म्हटलं!” तो ‘म्हटलं’ म्हणजेच हा ‘के’. आपलंच बोलणं आपण दुसऱ्यांदा सांगतोय, ही त्याची खूण.

प्रश्नात नाव, जागा, वेळ असलं तर ‘सि’ लागत नाही : “के कोमो ते यामास” (नाव काय म्हटलं), “के दोंदे बीबेस” (राहतेस कुठे म्हटलं). हुकूम परत सांगायचा असला तर पहिल्या पायरीतलं रूप येतं. ‘सिएंताते’ म्हणजे बस. ऐकलं नाही तर “के ते सिएंतेस!”, बस म्हटलं ना! “के नो” म्हणजे ‘नाही म्हटलं ना’, “के सी” म्हणजे ‘हो म्हटलं ना’. भांडणात आणि प्रेमळ आग्रहात हे दोन्ही सारख्याच वेगाने चालतात. जेवताना आणखी वाढू का याला पाहुणा तीनदा ‘के नो, के नो, के नो’ म्हणतो आणि चौथ्या वेळी ताट पुढे करतो. हे दृश्य आपल्याला नवीन नाही.

शुभेच्छासुद्धा याच साच्यात आहेत, म्हणून त्या पाठ करायची गरज नाही. ‘के आप्रोबेचे’ जेवायला बसलेल्याला, ‘के ते मेहोरेस’ आजाऱ्याला, ‘के देस्कान्सेस’ झोपायला निघालेल्याला. फोनवर ‘के से पोंगा’ म्हणजे ‘त्याला फोनवर बोलाव’. स्पेनचा विनोदवीर मिगेल हिला (1919–2001) टेलिफोन कानाला लावून एकटाच रंगमंचावर उभा राहायचा आणि युद्धातला सैनिक होऊन शत्रूला फोन करायचा. पलीकडचं बोलणं लोकांना कधीच ऐकू येत नसे, ते त्याच्या उत्तरांवरून उभं राहायचं. अर्धंच बोलणं ऐकून उरलेलं डोक्यात भरून घेण्याची सवय स्पॅनिश कानाला किती मुरलेली आहे, ते त्या हशावरून कळतं.

कटकट सांगायची असेल तर ‘के सि’ची माळ लावतात : “के सि एल त्राबाहो, के सि लोस निन्योस, के सि ला काबेसा…” म्हणजे ‘कधी कामाचं कारण, कधी मुलांचं, कधी डोकंच दुखतंय’. सांगणारा त्या माणसाचीच वाक्यं सांगतोय, पण माळ लावल्यामुळे ती रड वाटते. ‘के सि फुलानो, के सि मेंगानो’ असंही ऐकाल, म्हणजे अमक्याचं असं, तमक्याचं तसं. हा ‘फुलानो’ अरबी ‘फुलान’वरून आला, आणि आपला ‘फलाणा’सुद्धा त्याच अरबी शब्दावरून, फारसीच्या वाटेने. एक शब्द पश्चिमेला स्पेनच्या अंदालुसियात पोचला आणि दुसरीकडे दख्खनमध्ये. दोन्हीकडे त्याचं काम तेच राहिलं.

पायरी तिसरी : घडलेलं सांगताना आवाज वेगळे करा

‘तो म्हणाला, मी म्हणाले, तो म्हणाला’ असं स्पॅनिशमध्ये सांगितलं तर समजेल, पण कोणी मान वर करून ऐकणार नाही. गोष्ट वर्तमानकाळात सांगायची, आणि दुसऱ्याच्या बोलण्याआधी एखादी हालचाल घालायची. मराठीत आपण ‘तर हा उठतो नि म्हणतो कसा’ म्हणतो, तो खरोखर खुर्चीवरून उठलेला नसला तरी. तसंच :

“आयेर बोय आल बांको, इ बा एल दे ला बेंतानिया इ मे दिसे के फाल्ता उना फिर्मा. इ यो : ओत्रा? इ एल के सी, इ यो के या फिर्मे, इ एल के नो.”

(काल बँकेत जाते, तर खिडकीवरचा तो म्हणतो कसा, एक सही राहिलीये. मी : अजून एक? तो म्हणे हो, मी म्हणते केली की, तो म्हणे नाही.)

यात चार गोष्टी पाहा. ‘आयेर’ म्हणजे काल, पण क्रियापद वर्तमानातलं. ‘बा इ मे दिसे’ म्हणजे शब्दशः ‘जातो आणि मला म्हणतो’, पण तो कुठे जात नाही. ऐकणाऱ्याला ही पुढे काहीतरी अचंबा आहे याची सूचना. ‘इ यो’नंतर क्रियापदच नाही, फक्त थांबून आवाज बदलायचा. आणि शेवटी ‘इ एल के सी, इ यो के या फिर्मे, इ एल के नो’ अशी ओढाताण, ज्यात पुन्हा तोच सुटा ‘के’.

‘बा इ’च्या जागी स्पेनमध्ये ‘कोहे इ मे दिसे’ (धरतो नि म्हणतो) फार चालतं. इथे जपा. ‘कोहेर’ हे क्रियापद स्पेनमध्ये साधं ‘घेणं, पकडणं’ आहे. मेक्सिको आणि अर्जेंटिनात मात्र त्याचा अर्थ अश्लील होतो. तिकडे ‘आगार्रा इ मे दिसे’ म्हणा, अर्थ तोच आणि कोणी दचकणार नाही. एखाद्याने अनपेक्षित काही बोलून टाकलं तर ‘मे सुएल्ता’, म्हणजे ‘सोडून दिलंन माझ्यावर’. स्पेनमधली तरुण मुलं अवतरणाआधी ‘एन प्लान’ लावतात, अर्जेंटिनातली ‘तिपो’. दोन्ही आपल्या ‘असं काहीतरी’च्या जवळचे. पन्नाशीच्या माणसाने ते वापरलेच पाहिजेत असं नाही, पण ऐकून कळले पाहिजेत.

सराव असा करा : आज घडलेली एक छोटी गोष्ट, दुकानातली, रिक्षातली, ऑफिसमधली, सहा वाक्यांत लिहा. मग तिच्यातले सगळे ‘म्हणाला’ खोडा आणि ‘बा इ मे दिसे’, ‘इ यो’, ‘के नो’ यांवर ती उभी राहते का बघा. मोठ्याने म्हणा. पुटपुटून हे शिकता येत नाही, कारण अर्धं काम आवाजाच्या चढउताराचं आहे.

वालेन्सिया विद्यापीठातल्या आंतोनियो ब्रिस यांच्या गटाने 1990 पासून रोजची, लपवून ध्वनिमुद्रित केलेली खरी संभाषणं गोळा केली आणि त्यांचा अभ्यास केला. अशी खरी संभाषणं लिहिलेल्या रूपात वाचली की धीर येतो : अर्धवट सुटलेली वाक्यं, एकमेकांच्या बोलण्यावर चढलेलं बोलणं, मध्येच आलेलं हसू. आपल्याला वाटतं आपणच अडखळतोय, पण तीच भाषा तशी बोलली जाते.

पायरी चौथी : ‘म्हणे’ची छटा

‘दिसे के’ या दोन शब्दांपासून ‘दिस्के’ झाला. स्पेनमध्ये तो जुना पडला, पण मेक्सिको, कोलंबिया आणि आसपासच्या देशांत अगदी जिवंत आहे. तो म्हणजे आपला ‘म्हणे’, दोन्ही अर्थांनी : ऐकीव बातमी आणि त्यावरचा अविश्वास. ‘दिस्के बा आ योबेर’, पाऊस पडणार आहे म्हणे. ‘उन दिस्के मेदिको’, स्वतःला डॉक्टर म्हणवणारा कोणीतरी. स्पेनमध्ये हेच काम ‘पोर लो बिस्तो’ (दिसतंय तरी तसं) आणि ‘सेगुन एल’ (त्याच्या म्हणण्याप्रमाणे) करतात. ‘सेगुन एल’वर जोर दिला की पुढच्या वाक्यावर आपला विश्वास नाही हे सगळ्यांना कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

आणि एक देणगी, जी मराठी माणसाला फुकट मिळते. “तु त्रेन सालीया आ लास ओचो, नो?” शब्दशः ‘तुझी गाडी आठला सुटत होती, ना?’ गाडी उद्याची आहे, मग भूतकाळ का, हा प्रश्न इतरांना छळतो. आपण रोज म्हणतो, “तुझी गाडी उद्या आठला होती ना?” आपण तू दिलेली माहिती परत सांगतोय, चूक असेल तर दुरुस्त कर, हा त्यातला भाव दोन्ही भाषांत एकच आहे. निःशंक वापरा.

पायरी पाचवी : ‘दमला म्हणे!’

इथे दुसऱ्याचं बोलणं आणि थट्टा एकत्र येतात. माझ्या मते सगळ्या लेखात ही जागा सर्वांत महत्त्वाची.

दिवसभर सोफ्यावर पडलेला मुलगा म्हणतो, “एस्तोय कान्सादो”, दमलोय. आई त्याला उत्तर देत नाही. ती मावशीकडे बघून म्हणते, “कान्सादो, दिसे!” मराठीत हे हुबेहूब “दमला म्हणे!” आहे. त्याचा एकच शब्द उचलला, मागे ‘दिसे’ लावला, आणि तिसऱ्याच माणसाकडे पाहिलं. या तीन हालचालींपैकी एकही गाळू नका. ‘दिसे’ आधी लावला, ‘दिसे के एस्ता कान्सादो’, की ती साधी बातमी होते आणि मावशी काळजीने विचारेल की काय झालं.

मी हे पहिल्यांदा धीर करून बाजारात म्हटलं. टोमॅटोवाला ओरडत होता, “बारातोस, बारातोस!”, स्वस्त, स्वस्त. मी पाटीवरचा भाव वाचला आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईंना म्हटलं, “बारातोस, दिसे.” त्या आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग खळखळून हसल्या आणि टोमॅटोवाल्याला माझं वाक्य त्याच्याच तोंडावर ऐकवलं. त्याने दोन टोमॅटो वर टाकले. बोलणं कमी आणि ओळख जास्त, असं त्या वाक्याने झालं. पुढच्या शनिवारी तो मला बघून लांबूनच म्हणाला, “बारातोस, दिगो यो!”, स्वस्त, म्हणतो मी!

याच जातीची आणखी काही वाक्यं, आपल्या जोडीसह.

‘मेनुदो आमीगो!’ किंवा ‘बाया आमीगो!’ : काय पण मित्र! ‘मेनुदो’चा मूळ अर्थ लहान, बारीक असा आहे, उद्गारात मात्र तो ‘केवढा मोठा’ होतो, आणि मग आवाजावर ठरतं की ते कौतुक आहे की टोमणा.

‘बोनीतास ओरास दे येगार!’ : ही काय यायची वेळ झाली! शब्दशः ‘सुंदर वेळ आहे यायची’. विशेषण बहुतेक वेळा नामानंतर आणणारी ही भाषा टोमणा मारताना ते उचलून पुढे आणते. म्हणून विशेषण अनपेक्षितपणे वाक्याच्या तोंडाशी दिसलं की कान टवकारा.

‘नि के फुएरास एल रेइ!’ : जसा काही राजाच लागून गेलास! ‘लागून गेलास’ला इतकी नेमकी जोड मला दुसऱ्या कोणत्या भाषेत सापडली नाही.

‘नो, सि आल फिनाल तेन्द्रे यो ला कुल्पा’ : म्हणजे शेवटी चूक माझीच की! इथे कोणी तसं म्हणालेलं नसतं. बोलणारा समोरच्याच्या मनातलं वाक्य स्वतःच बोलून दाखवतो. सुरुवातीचा ‘नो, सि’ ऐकला की समजावं, आता उपरोध येतोय.

‘आ बुएनास ओरास, मांगास बेर्देस’ : वरातीमागून घोडं. शब्दशः ‘चांगल्या वेळी आलात, हिरव्या बाह्यांनो’. कॅथलिक राजा-राणीने (फेर्नांदो आणि इसाबेल यांनी) 1476 मध्ये उभारलेल्या सांता एर्मान्दाद या दलाच्या शिपायांच्या बाह्या हिरव्या असत, आणि गुन्हा घडून गेल्यावर ते पोचत अशी त्यांची ख्याती होती. लोक आता पुष्कळदा फक्त पहिला अर्धा भाग म्हणतात आणि उरलेला ऐकणाऱ्याने मनात पुरा करायचा असतो. म्हणजे इथेही अर्धं अवतरण.

खोटं अवतरण हा आणखी एक प्रकार. कोणी चार प्रश्न एकदम विचारले की उत्तर येतं : “बामोस पोर पार्तेस, कोमो दिहो जॅक एल देस्त्रिपादोर.” एकेक भाग घेऊ या, असं जॅक द रिपर म्हणाला होता. लंडनमध्ये बायकांच्या चिरफाडीसाठी कुप्रसिद्ध झालेल्या खुन्याच्या तोंडी ‘एकेक भाग’ घातला की काय होतं ते पाहा. हे वाक्य इतकं वापरून झालं आहे की सभेतले साहेबही वापरतात. नवख्याने ते वेळेवर वापरलं तर आवडतं, मात्र एका बैठकीत एकदाच.

आणि नाव न घेता घेतलेलं अवतरण. मालागाचे विनोदवीर चिकितो दे ला काल्सादा (1932–2017) साठी उलटल्यावर, 1994 मध्ये टीव्हीवर आले आणि ‘फिस्त्रो’सारखे त्यांचे घडवलेले शब्द अख्ख्या स्पेनच्या तोंडी बसले. आजही कोणी कंबरेला हात लावून छोटी पावलं टाकत तसा एखादा शब्द काढतं आणि टेबलाभोवतीचे सगळे हसतात. ज्याला संदर्भ माहीत नाही तो एकटाच गप्प राहतो. अशा वेळी विचारावं, “एसो दे किएन एस?”, हे कोणाचं? लोक आनंदाने सांगतात, आणि बहुतेक वेळा करूनही दाखवतात.

पायरी सहावी : चिस्ते आणि ब्रोमा वेगळे ठेवा

‘चिस्ते’ म्हणजे सांगायचा विनोद, सुरुवात-शेवट असलेला. ‘ब्रोमा’ म्हणजे थट्टा, गंमत, कधी फसवणूक. ‘ब्रोमा सांगितली’ असं म्हणत नाहीत. स्पेनमध्ये ती ‘गास्तार’ करतात, लॅटिन अमेरिकेत ‘आसेर’.

चिस्तेमध्ये पुन्हा सगळे ‘म्हणतात’च. आपल्याकडे बंड्या आणि गुरुजी, तसा स्पेनमध्ये हाइमितो, मेक्सिको आणि क्युबात पेपितो. शाळकरी मुलं एकमेकांना विचारतात, “के ले दिसे उन तेचो आ ओत्रो?”, एक छप्पर दुसऱ्या छपराला काय म्हणतं? उत्तर : “तेचो दे मेनोस.” ‘तेचो’ म्हणजे छप्पर. ‘ते एचो दे मेनोस’ म्हणजे तुझी आठवण येते, आणि दोन स्वर एकमेकांत मिसळले की दोन्ही एकच ऐकू येतं. अशा कोटीवर “के मालो!” (किती वाईट!) असं हसत ओरडतात, ती दाद असते. वाईट वाटून घेऊ नका.

गावांवरचे विनोदही आहेत : स्पेनमध्ये वेल्वा प्रांतातलं लेपे, कोलंबियात पास्तो, अर्जेंटिनात स्पेनहून आलेले गाल्येगो. ते ऐका, हसू आलं तर हसा, पण परक्याने सांगू नका. त्या गावचा माणूस टेबलावर असेल तर तोच सांगेल, आणि त्याच्याच तोंडून ते शोभतात.

थट्टा करण्याला प्रत्येक देशात वेगळा शब्द आहे, आणि एका देशातला दुसरीकडे नेला तर विचित्र वाटतो. सगळीकडे चालणारा वाक्प्रचार ‘तोमार एल पेलो’, शब्दशः केस धरणं, अर्थ फिरकी घेणं. याशिवाय स्पेनमध्ये ‘बासिलार’, अंदालुसियात ‘ग्वासा’. अर्जेंटिनात ‘कार्गार’ : ‘मे एस्तास कार्गान्दो?’, माझी थट्टा करतोयस का? कोलंबियाच्या किनारपट्टीवर आणि व्हेनेझुएलात ‘मामार गाय्यो’, चिलीत ‘एचार ला ताया’, मेक्सिकोच्या उत्तरेला ‘एचार कार्रिया’, क्युबात ‘चोतेओ’, ज्यावर तिथले लेखक होर्हे मान्याच यांनी 1928 मध्ये गंभीर निबंध लिहिला. मेक्सिकोतला ‘आल्बुर’ हा द्व्यर्थी बोलण्याचा सामनाच असतो. त्यात उतरू नका, कारण हरलात हेही तुम्हाला कळणार नाही. ज्या देशातली माणसं तुमच्या कामात किंवा घरात आहेत, त्या एकाच देशाचा शब्द घ्या आणि तोच पक्का करा.

पायरी सातवी : सुटायची वाट तयार ठेवा

थट्टा अंगाशी येतेय असं वाटलं तर लगेच “एस ब्रोमा”. समोरचा अजून गंभीर असेल तर “के नो, के एस ब्रोमा!”, अगं नाही, गंमत करतेय म्हटलं! स्वतःला गंभीर बोलायचं असेल तर “आओरा एन सेरिओ” (आता खरंच सांगते), आणि मगच मुद्दा. ही तीन वाक्यं झोपेतही आली पाहिजेत.

समोरचा थट्टा करतोय की खरं बोलतोय ते कळेना, तर सरळ विचारा : “लो दिसेस एन सेरिओ?” यात कमीपणा नाही. स्पॅनिश लोक एकमेकांनाही दिवसातून दहा वेळा विचारतात. ‘नो मे दिगास!’ (नको सांगूस! म्हणजे काय सांगतेस!), ‘के दिसेस!’ (काहीतरीच काय!), ‘इ के लो दिगास!’ (अगदी बरोबर बोललीस!) ही उत्तरंसुद्धा पाठ करा. सगळी ‘म्हणणं’ या एकाच धातूवर उभी आहेत, आणि त्यांच्यामुळे पुढचं वाक्य जुळवायला दोन सेकंद मिळतात.

मित्रांमधल्या शिव्यांबद्दल स्पष्ट सांगते. स्पेनमध्ये, मेक्सिकोत, अर्जेंटिनात, चिलीत जिवलग मित्र एकमेकांना जे शब्द वापरतात ते कागदावर आणायचे नाहीत, आणि ते प्रेमाने असतात हे खरं आहे. पण ते शब्द वापरण्याचा हक्क वेळेने मिळतो. समोरच्याने तुम्हाला आधी वापरले, अनेकदा, हसत, चारचौघांत, तरीसुद्धा काही महिने थांबा. तुमचा उच्चार परका आहे तोवर तोच शब्द तुमच्या तोंडी जास्त टोचतो. साहेबांशी, सासरच्या माणसांशी आणि ज्यांना तुम्ही ‘उस्तेद’ (आपण) म्हणता त्यांच्याशी तर हा प्रश्नच येत नाही.

व्हॉट्सॅपवर हसणं ‘जे’ आणि ‘ए’ ही इंग्रजी अक्षरं एकामागून एक लिहून दाखवतात. आपण ते ‘जाजाजा’ वाचतो आणि वाटतं हाकलतायत की काय. ‘जे’चा उच्चार ‘ह’ आणि ‘ख’च्या मधला आहे, ते ‘हाहाहा’च आहे. तीन वेळा लिहिलं तर सौजन्य, दोन ओळी भरून लिहिलं तर खरं हसू.

वर्षात एक दिवस मात्र प्रत्येक ‘म्हणे’ दोनदा तपासायचा : 28 डिसेंबर. बायबलमधल्या हेरोद राजाने मारवलेल्या निष्पाप बाळांच्या स्मरणाचा हा दिवस स्पेन आणि लॅटिन अमेरिकेत फसवाफसवीचा आहे. पाठीवर कागदाची बाहुली चिकटवतात, स्पेनमधली वर्तमानपत्रं एखादी खोटी बातमी गंभीर चेहऱ्याने छापतात, आणि फसलेल्याला म्हणतात “इनोसेन्ते!” मेक्सिकोत या दिवशी उसनं दिलेलं परत मिळत नाही अशी रीत आहे. कोणी सकाळीच ‘दिसे एल हेफे के ओय नो से त्राबाहा’ (साहेब म्हणतायत, आज सुट्टी) म्हणालं, तर आधी कॅलेंडर बघा.

रोजचा सराव

दिवसाला पंधरा मिनिटं पुरतात. पाच मिनिटांचं खऱ्या गप्पांचं ध्वनिमुद्रण घ्या. मुलाखत चालेल, बातम्या चालणार नाहीत. पहिल्यांदा ऐकताना फक्त ‘के’ ऐकू आला की एक बोट दुमडा. दुसऱ्यांदा प्रत्येक ‘के’पाशी थांबा आणि हे कोणाचं बोलणं ते मराठीत मोठ्याने सांगा : ‘म्हणते’, ‘म्हटलं’, ‘म्हणे’. तिसऱ्यांदा त्यातलं एकच वाक्य उचलून त्याच सुरात दहा वेळा म्हणा.

आणि घरात स्पॅनिश शिकणारं दुसरं कोणी असेल तर निरोप सांगायचं काम आजपासून स्पॅनिशमध्ये करा. स्वयंपाकघरातून आई जेवायला हाक मारतेय, मुलगा वरच्या खोलीत कानात बोळे घालून बसलाय. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून म्हणा, “दिसे मामा के बाहेस!” (आई म्हणतेय, खाली ये.) तो “के?” म्हणेल. तेव्हा, “के बाहेस!”